काटा आठवर

चूक. मान्य.

नायक जळत्या इमारतीत शिरला तेव्हा त्याच्या छातीवरच्या घड्याळाचा काटा हिरव्या पट्ट्यात होता. पाठीवरच्या सिलिंडरमध्ये हवा किती उरली ते दाखवणारं हे घड्याळ. नायक तीन मजले चढला, दोन दारं मोडली, एका म्हाताऱ्या बाईला खांद्यावर टाकलं, जिन्यात थांबून नायिकेपाशी मन मोकळं केलं आणि बाहेर आला. काटा होता तिथंच.

"थांब," मामा म्हणाले आणि चमचा ताटलीवर वाजवला.

"काय झालं?" प्रमुखांनी विचारलं.

"काटा. आत जाताना होता तिथंच बाहेर येताना आहे. हा माणूस एकतर श्वास घेत नाही, नाहीतर घड्याळ रंगवलेलं आहे. त्याचा अभिनय बघता मला पहिलीच शक्यता जास्त वाटते."

प्रमुखांनी फळ्यावर मामांच्या नावाखाली खडूची एक रेघ ओढली. कंपाउंडरने कपाळावर हात मारला. तो त्याच घड्याळाकडे बघत होता आणि त्याला काही दिसलं नव्हतं.

बचाव केंद्रातली दुपारच्या जेवणाची ही रीत होती. 'तिसऱ्या मिनिटाला' ही मालिका रोज संध्याकाळी साडेसातला लागायची आणि दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला तोच भाग पुन्हा दाखवायचे. पाळीवरचे चौघं जेवता जेवता ती बघायचे, आणि बघायचे ते फक्त चुका काढायला. नियम साधे होते. चूक दिसली की चमचा वाजवून "थांब" म्हणायचं. मान्य झाली तर एक रेघ. दृश्य उलटून गेल्यावर सांगितली तर अर्धी. हा नियम मामांनीच घालून घेतला होता, कारण त्यांच्या मते उशिरा आलेली अक्कल अर्धीच धरावी. खोटी निघाली तर एक रेघ वजा. आणि संध्याकाळी घरी मालिका बघून यायचं नाही. भाग संपला की ज्याच्या त्या दिवशीच्या रेघा कमी, त्याने तळाला करपलेलं मोठं पातेलं घासायचं.

चौघं म्हणजे प्रमुख, ज्यांच्या सहीशिवाय केंद्रात पंखाही फिरत नसे, जखमींना बघणारा, खरं तर चांगला शिकलेला, पण पहिल्या दिवशी पांढरा कोट घालून आला म्हणून जन्माचा कंपाउंडर झालेला तो, शिडीवर चढणारी आणि गाडीत चालकाच्या शेजारी बसणारी शिडीवाली, आणि मामा. मामा बचावगाडीचे चालक. बावीस वर्षं. सख्ख्या भाच्यांनी हाक मारली नसेल इतक्यांदा केंद्राने त्यांना मामा म्हटलं होतं.

पातेलं मामांच्या वाट्याला दोन महिन्यांत एकदाही आलं नव्हतं.

चूक. मान्य. मान्य. मान्य.

त्या आठवड्यातल्या मामांच्या काही रेघा:

वरच्या कोपऱ्यात केसाळ माइक. "आगीत उंदीर सापडला वाटतं."

डाव्या कडेला कॅमेरावाल्याची सावली, कॅमेऱ्यासकट. "हा दर आगीला हजर असतो. आग हाच लावत असणार."

पाण्याने भरलेला जाड पाइप नायकाने एका हाताने उचलून खांद्यावर टाकला. "ओढणी आहे ती."

भोंगा चालू, गाडी वेगात, आणि आत नायक-नायिका कुजबुजतात. "बावीस वर्षं मी भोंग्याखाली ओरडतोय. घरी साधं मीठ मागितलं तरी शेजारी मीठ घेऊन येतात."

अपघातात मेलेला माणूस हा सोमवारी पुरात मेलेलाच माणूस. हनुवटीवर तोच मस. केंद्रात त्याचं नाव 'कायम मयत' पडलं होतं आणि त्याच्याबद्दल थोडा आदर होता, कारण सगळ्या मालिकेत आपलं काम नीट करणारा तो एकटाच होता. मसाची चूक मात्र शिडीवालीने काढली, मामांनी नाही. चेहऱ्यावरच्या चुका मामा सहसा काढत नसत. त्या आठवड्यापर्यंत हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

चूक. पडद्याच्या अलीकडची.

मामांना मधलं दिसत नव्हतं.

तीन महिन्यांपूर्वी डोळ्यांच्या डॉक्टरने कागदावर एक गोल काढला, मधोमध पेन्सिलने काळं केलं आणि म्हणाला, "तुमचं असं झालंय. कडा शाबूत, मधलं गेलं. गेलं ते येणार नाही, आहे ते टिकवू. गाडी चालवू नका." हेही त्याने गोलाखाली लिहिलं. मामांनी कागदाची घडी घातली. चेहऱ्याकडे बघितलं की चेहऱ्याच्या जागी अंगठ्याने पुसल्यासारखा डाग यायचा आणि कान मात्र स्वच्छ दिसायचे. आकडे गेले. काटे गेले. समोरचा रस्ता जरा बाजूला बघितलं की तुकड्यातुकड्याने मिळायचा.

टीव्हीच्या पडद्याचंही तेच. पण टीव्हीवर एक गंमत झाली. सगळे नायिकेच्या डोळ्यांत बघत असताना मामांना फक्त कोपरे दिसायचे, आणि मालिकावाले आपली घाण कोपऱ्यातच सारतात. माइक, सावल्या, मध्येच आलेला कुणाचातरी बूट. मामा रोज जिंकू लागले. फळ्यावरच्या रेघा बघून प्रमुख एकदा म्हणाले, "डोळे आहेत की दुर्बीण हो, मामा." त्या दिवसापासून मामांनी ठरवलं की ह्या खेळात हरायचं नाही. घारीसारख्या डोळ्यांच्या माणसाला कोण विचारणार, डोळे कसे आहेत म्हणून. डोळे गेले तर गाडी गेली, आणि गाडीखेरीज मामांना कुणी मामा म्हटलं असतं असं त्यांना वाटत नव्हतं.

पण नुसत्या कोपऱ्यांवर भागत नव्हतं. म्हणून बायको.

रोज साडेसातला दोघं टीव्हीसमोर बसायची. कडा माझ्या, मधलं तुझं, असा करार होता.

"छातीवरचं घड्याळ बघ. काटा कुठंय?"

"हिरव्यात."

"आता?"

"अजून हिरव्यातच. अहो, आता रडतोय तो."

"रडू दे. काटा सांग."

बायकोला मालिका मुळीच आवडायची नाही आणि नवऱ्याचा हा उद्योग त्याहून आवडायचा नाही. पण ती सांगायची. मामा पाठ करायचे: कुठलं वाक्य झालं की कुठली चूक. दुसऱ्या दिवशी वाक्य आलं की चमचा. अगदी वेळेवर, एक श्वास थांबून, नुकतंच दिसल्यासारखं. मालिकेतल्या कुठल्याही नटाला एवढं साधलं नसतं, असं मामांचं मत होतं, आणि नटांबद्दल त्यांचं मत तुम्हाला कळलंच आहे.

अर्धी चूक.

बचावगाडीत रीत अशी की चालकाशेजारी बसणाऱ्याने प्रत्येक चौकात मोठ्याने सांगायचं: मोकळं, किंवा थांबा. एवढंच सांगायचं. बाकी चालक बघतो.

शिडीवाली गेला महिनाभर जास्त सांगत होती. "पुढे बस." "दिवा लाल." "उघडं झाकण." मामा म्हणायचे, "मला आंधळा समजतेस काय?" आणि ती म्हणायची, "नाही हो मामा, सवय." मग पुढच्या वळणावर पुन्हा सांगायची.

बुधवारी सकाळी एका गोदामातून बोलावणं आलं. दुसऱ्या चौकातून वळताना ती म्हणाली, "सायकल."

मामांनी काही केलं नाही.

"मामा, सायकल."

मामांनी ब्रेक दाबला. गाडी थरथरत थांबली. मागे कंपाउंडरचं डोकं कशावर तरी आपटलं. समोरून एक बाई सायकल ढकलत हळूच पलीकडे गेली. मामांना ती रस्त्याच्या कडेला पोहोचल्यावर दिसली. सायकलच्या मागच्या डब्यात फुलकोबीचा गड्डा होता, तोही अगदी स्पष्ट.

"दिसली होती मला," मामा म्हणाले. "हे सायकलवाले मध्येच येतात आणि आपल्यालाच डोळे वटारतात."

"तिने बघितलंसुद्धा नाही आपल्याकडे," शिडीवाली म्हणाली.

"तेच म्हणतो मी."

पुढचा चौक आला तेव्हा ती फक्त म्हणाली, "मोकळं."

चूक. बायकोने काढलेली.

संध्याकाळी मामांनी बायकोला सायकलवाल्यांच्या एकंदर बेशिस्तीबद्दल सांगितलं. तिने ताट पुढे ठेवलं आणि विचारलं, "किती लांब होती?"

"कोण?"

"सायकल. गाडी थांबली तेव्हा."

"होती हाताएवढी."

"कुणाच्या हाताएवढी?"

मालिका सुरू झाली. नायिका पुलाखाली दोराला लोंबकळत होती. खाली पाणी, वर नायक. संगीत असं वाजत होतं की पाणीच शरमेने आटावं.

"सांग की," मामा म्हणाले.

"उजव्या हातात हातमोजा नाही तिच्या. 'हात सोडू नकोस' म्हणाली. आता आहे मोजा. काळा." बायकोने टीव्हीचा आवाज कमी केला. "ऐका आता. उद्या तुम्ही साहेबांना सांगा. नाही सांगितलंत तर परवा सकाळी मी त्यांना फोन करणार."

"तू करशील?"

"तो बिचारा नट खोटी गाडी चालवतो आणि खोटी माणसं मारतो. त्याला तुम्ही रोज शिव्या देता. मी तुमच्यासाठी काटे बघत बसले दोन महिने. आता नाही बघणार."

"पहिल्या तारखेला डोळ्यांची तपासणी आहेच. तिथं काय ते होईल."

"तिथं तुम्ही तक्ता पाठ करून जाल. तुम्हाला ओळखते मी."

तक्त्याच्या पहिल्या चार ओळी मामांच्या पाठ झाल्या होत्या. पाचवी राहिली होती.

चूक. अमान्य.

गुरुवारी दुपारी मामांच्या नावाखाली आठवड्याच्या तेरा रेघा होत्या. कंपाउंडरच्या सहा, शिडीवालीच्या नऊ, प्रमुखांच्या चार. प्रमुख नेहमी उशिरा सांगायचे.

पूल आला. पाणी आलं. नायिका लोंबकळली. मामांनी ताटलीकडे बघत घास घेतला. पडद्याकडे बघायची गरज नव्हती. "हात सोडू नकोस," नायिका किंचाळली. संगीत फुटलं. मामांनी एक श्वास जाऊ दिला.

"थांब. हातमोजा. मघाशी उजव्या हातात नव्हता, आता आहे. लोंबकळता लोंबकळता दुकानातून घेऊन आली वाटतं."

कुणी हसलं नाही.

"मामा," कंपाउंडर म्हणाला, "कुणाचा हात?"

"नायिकेचा."

"नायिका कुठाय?"

मामांनी मान वळवली. पडद्याच्या कडा पांढऱ्या होत्या, आणि एका कडेला औषधाची बाटली टांगलेली होती. पूल नव्हता. ही रुग्णवाहिका होती, आणि आत चादरीखाली कायम मयत एकटाच पडला होता.

दुपारी जाहिराती जास्त असतात. जागा करायला मालिकेतून थोडं थोडं कापतात. नायिका लोंबकळत राहिली होती तो तुकडा, हातमोज्यासकट, आज दाखवलाच नव्हता.

"मयताचे हातसुद्धा चादरीत आहेत," कंपाउंडर म्हणाला. आणि मग त्याला उमगलं तसा तो खुर्चीत मागे रेलला. "मामा. तुम्ही काल घरी बघितलंत."

मामांना सुटकेचं दार दिसलं. दार लहान होतं, वाकून जावं लागणार होतं. ते वाकले.

"बायको लावते," ते म्हणाले. "कानावर पडतं. नजर जाते."

"कधीपासून?"

"असेल दोनेक महिने."

मग मात्र हशा उसळला. प्रमुखांना ठसका लागला. कंपाउंडर उठून म्हणाला की माझ्या वाट्याला आलेली सगळी पातेली मला परत द्या. एवढा मोठा माणूस, केस पिकले, आणि टीव्हीच्या चुकांत कॉपी करतो. प्रमुखांनी मामांच्या तेरा रेघा फडक्याने पुसल्या, खाली एक वजा ओढली आणि म्हणाले, "पातेलं."

शिडीवाली हसली नव्हती. ती मामांकडे बघत होती. तिचा चेहरा मामांना डागासारखा दिसत होता, पण कानाजवळची बट हललेली नव्हती.

"मामा," ती म्हणाली, "चमचा वाजवलात तेव्हा तुम्ही पडद्याकडे बघतच नव्हता."

"घास खात होतो."

"आणि नंतर बघितलंत, तरी तुम्हाला कळायला वेळ लागला."

"जाऊ दे ग," प्रमुख म्हणाले. "पातेलं मिळालंय त्यांना."

पातेलं.

पातेलं घासायला डोळे लागत नाहीत. करपलेलं बोटांना लागतं. मामा मोरीपाशी उभे होते, नळ सोडलेला होता, आणि ते तारेच्या घासणीने तळ खरवडत मालिकावाल्यांना मनातल्या मनात शिव्या देत होते. धड चूक करता येत नाही ह्यांना. केलेली चूक जपताही येत नाही.

नळाच्या आवाजामागून, बाहेर गाडी उभी होती तिकडून, आवाज आला.

फुस्स.

मामांनी हात थांबवला. इंजिन बंद असताना ब्रेकचं पेडल दाबलं की टाकीतली हवा अशी सुटते. एकदा दाबलं की साधारण अर्धा आकडा खाली.

फुस्स.

कोण दाबतंय हे विचारायची गरज नव्हती. तीनला गाडीची रोजची तपासणी. चालक आत बसून काटे वाचतो, दुसरा वहीत लिहितो. पाणी, डिझेल, ब्रेकच्या हवेचा दाब. मामा रोज आठ सांगायचे, कारण पूर्वी डोळे होते तेव्हा बहुतेक वेळा आठच असायचा.

फुस्स.

आज कुणीतरी आठाचा सहा करत होतं.

फुस्स. मग काहीच नाही. गाडीचं दार हलकेच लागलं.

चार. म्हणजे सहा. मामांनी नळ बंद केला आणि त्यांना हसू आलं. पोरगी हुशार होती, पण बावीस वर्षं ह्या गाडीचा श्वास ऐकलेल्या माणसाला हवेत पकडायला निघाली होती. मालिकेतल्यांनी असाच सापळा रचला असता, आणि नायक असाच सुटला असता. मामांनी पातेलं पालथं घातलं, वाढायचा डावही विसळला आणि तो हातात तसाच घेऊन बाहेर गेले.

तपासणी.

"आज वही मी धरते," शिडीवाली म्हणाली. ती पायरीवर उभी होती. प्रमुख बोनेटपाशी, कंपाउंडर मागे पेटी आवरत.

मामा चालकाच्या जागी बसले. चावी अर्धी फिरवली.

"पाणी पूर्ण," ते म्हणाले. टाकीवर बोटं वाजवून त्यांनी सकाळीच बघितलं होतं. "डिझेल पाऊण." कालपासून गाडी किती फिरली ते त्यांना ठाऊक होतं.

"हवा?"

समोर काचेखाली तीन गोल डाग होते. मामांनी मधल्या डागाकडे चांगले दोन श्वास रोखून बघितलं, जसं बघणारा माणूस बघतो.

"सहा," ते म्हणाले. "कमी का आहे? व्हॉल्व गळतोय काय?"

पेन काही वेळ हललं नाही. मग वहीत लिहिल्याचा आवाज आला.

"सहा," ती म्हणाली. "बरोबर." तिने वहीची काही पानं मागे उलटली आणि पुन्हा पुढे. "मामा, एक सांगू? रागावू नका. बासष्ट दिवस इथं आठ लिहिलंय. एकही दिवस साडेसात नाही. मला वाटलं आजही तुम्ही आठच म्हणाल. म्हणून मीच हवा सोडली. मनात काहीबाही आलं माझ्या, कालच्या सायकलीपासून. चुकलं माझं."

"होतं असं," मामा म्हणाले.

"मी साहेबांना सांगणार होते. बरं झालं नाही सांगितलं." तिचा आवाज एकदम हलका झाला होता. "इथून पुढे चौकात फक्त मोकळं म्हणेन. बाकीची कटकट बंद."

आणि ती पायरीवरून उतरली.

मामा बसून राहिले. इतकं स्वच्छ सुटणं त्यांनी मालिकेतसुद्धा पाहिलं नव्हतं. तिथं निदान नायकाला एखादं भाषण करावं लागतं. इथं समोरचीच माफी मागून गेली. शंका घेणारी एकटी ती होती, आणि मामांनी तिची शंका कानांनी फेडली होती. उद्यापासून ती फक्त मोकळं म्हणेल. सायकल म्हणणार नाही. बायको म्हणेल, पण बायको चौकात नसते. त्यांना फुलकोबीचा गड्डा आठवला, डब्यात नीट बांधलेला. हे टीव्हीवर असतं तर अशा फालतू दृश्यावर त्यांनी ह्या सुटणाऱ्या माणसाला काय काय ऐकवलं असतं. भिकार नट म्हटलं असतं, आणि तेवढ्यावर भागवलं नसतं.

हातात डाव होता. तो त्यांनी स्टिअरिंगवर वाजवला.

"थांब."

शिडीवाली वळली. प्रमुख बोनेटपासून पुढे आले.

"काय झालं?" प्रमुखांनी विचारलं. "टीव्ही बंद आहे, मामा."

"चूक आहे," मामा म्हणाले. "मी सहा म्हणालो. सहा मला दिसला नाही. नळापाशी ऐकला. चार वेळा फुस्स झालं, आठातून दोन गेले. काटा मला दोन महिन्यांत दिसलेला नाही, तीन झाले असतील. सायकलही दिसली नव्हती."

"म्हणजे?"

"मधलं दिसत नाही. साहेब, तुमचे कान दिसतायत, तोंड दिसत नाही. डॉक्टरचा कागद घरी आहे. गाडी चालवू नका असं लिहिलंय त्यावर. बायको वाचून दाखवेल. तिला तेवढाच आनंद."

मागे कंपाउंडरच्या हातातली पेटी खाली ठेवल्याचा आवाज आला. मामांना वाटलं होतं की असं बोलून झालं की छाती हलकी होते, मालिकेत होते. त्यांची झाली नाही. त्यांनी चावी काढली, दाराबाहेर हात लांब केला आणि ती कुणीतरी घेईपर्यंत तशीच धरून ठेवली.

प्रमुखांनी घेतली. "उद्या कागद घेऊन या," ते म्हणाले. "बायकोलाही आणा. पुढचं बघू. काय बघू ते मला आत्ता सांगता येणार नाही." मग ते शिडीवालीला म्हणाले, "हवा भरून घे. बोलावणं आलं तर तू चालवशील."

"हो."

"आणि वहीतले ते बासष्ट आठ तसेच ठेव. खाडाखोड करू नकोस. खाली काय झालं ते लिहू."

मामा खाली उतरले. शिडीवाली त्यांच्या जागेवर चढली, सीट पुढे ओढली आणि इंजिन चालू केलं. क्लच तिने असा सोडला की गाडीने उचकी दिली.

"हे असं चालवणार तू?" मामा म्हणाले. "आजारी माणूस वाटेतच बरा होऊन उतरून पळेल."

"तुम्ही गप्प बसा," ती म्हणाली. तिचा आवाज चांगला नव्हता. "आता काही दिवस तुम्ही गप्पच बसा."

मामांनी आत जेवणाच्या खोलीत जाऊन डाव जागेवर टांगला. मागून कंपाउंडर आला. फळ्यापाशी जाऊन त्याने खडू उचलला, कारण हाताला काहीतरी हवं होतं.

"चूक काढलीत," तो म्हणाला. "रेघ एक द्यायची ना?"

"अर्धी," बाहेरून इंजिनाच्या आवाजापेक्षा मोठ्याने शिडीवाली ओरडली. "दृश्य कधीच उलटून गेलंय."

मामांनी मान हलवली. नियम त्यांचाच होता. कंपाउंडरने अर्धी रेघ ओढली, आणि कुठवर ओढली ते मामांना दिसलं नाही.